साखळी आणि पट्टा

वाईला कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमच्या मामांचे जुने घर आहे. त्या घराच्या ओसरीवर कार्तिकातल्या एका संध्याकाळी मामा आणि माझी धाकटी बहीण यांच्यात जो संवाद झाला, त्यात मी बहुतांशी श्रोताच होतो. तरीही तो लिहून ठेवावा असे वाटण्याचे कारण असे की, रक्तदाबावर गोळी घ्यावी की काढा घ्यावा या प्रश्नावरून घरोघरी जी हुज्जत चालते, तिच्यात दोन्ही पक्ष बहुधा एकमेकांचे ऐकतच नाहीत, आणि त्या संध्याकाळी ते ऐकले गेले. मामा मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून चिकटले आणि निमतानदार होऊन निवृत्त झाले. बहीण एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आईच्या पश्चात तिच्यावर हक्काने रागावणारे मामांखेरीज कोणी उरलेले नाही, आणि मामांना हक्काने दटावणारे तिच्याखेरीज कोणी नाही.

मामांनी आपला सारा दवाखाना एका पितळी ताटात मांडून तिच्यापुढे ठेवला होता. सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, अर्जुनसालीची भरड, शेवग्याच्या पाल्याचे चूर्ण, ज्येष्ठमधाच्या काड्या, मुलाने पुण्याहून पाठविलेली मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली, आणि ‘हृदयाला हितकर’ असे वेष्टणावर छापलेली कमी सोडियमच्या मिठाची पिशवी. ताटाच्या कडेला, जणू पंक्तीत न बसविलेल्या पाहुण्यासारखी, रॅमिप्रिलच्या गोळ्यांची एक पट्टी पडली होती. तिच्यातली तीन घरे फोडलेली, बाकीची जशीच्या तशी.

“ही पट्टी अशी का राहिली, ते आधी सांगा,” बहीण म्हणाली.

“सांगतो, पण ती देताना काय झाले ते तू आधी ऐक,” मामा म्हणाले. “सहा महिन्यांपूर्वी पडसे झाले म्हणून एका दवाखान्यात गेलो. दोन जिने चढून वर पोहोचतो न पोहोचतो तोच तिथल्या पोराने सदऱ्याच्या जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, ‘काका, गाव कोणते, घरी कोण कोण’ असे विचारता विचारता आकडा घेतला, आणि १६४ वर ९८ असे पुकारले. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ही आता जन्मभर. पोरी, दोन हात बांधाचा तंटा असला तरी आम्ही लगतच्या खातेदारांना नोटिसा काढत होतो, पंच बोलावत होतो, जुने टिपण काढून ताडत होतो, हरकती ऐकून घेत होतो, आणि मग हद्दीचा दगड रोवत होतो. इथे एका मोजणीवर जन्माचा निकाल! त्या मोजणीवर मी सही कशी करावी?”

मला वाटले होते की बहीण त्या अनोळखी डॉक्टरांची बाजू सावरून घेईल. तिने तसे काही केले नाही. ती म्हणाली, “नका करू सही. ती मोजणी चुकीचीच होती. जिना चढून आल्यावर पाच मिनिटे तरी स्वस्थ बसवायला हवे होते. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, लघवी तुंबलेली नाही. यांतली एकेक चूक आकड्यात भर घालते. आणि एवढे सगळे बरोबर केले तरी एका दिवसाच्या आकड्यावर, तो फारच भयंकर नसेल तर, निदान पक्के करू नये. त्या डॉक्टरांनी तुम्हाला पुन्हा बोलावायला हवे होते.”

“मग मिटले तर.”

“मिटले कसे? मोजणी चुकली म्हणून जमीन नाहीशी होते का, मामा? ती पुन्हा मोजावी लागते. त्या दिवसानंतर तुम्ही दाब मोजला कधी?”

मामा गप्प राहिले. मोजला होता. गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका मुलीने, परिचारिका आहे ती, घरी येऊन शांतपणे तीन वेळा मोजला, आणि तो १७६ वर १०२ च्या आसपास निघाला. म्हणूनच तर बहिणीला निरोप गेला होता. पण मामांनी त्याचा अर्थ निराळाच लावला होता. दोन महिने ती गोळी घेतली तेव्हा दाब एवढा नव्हता, गोळी सोडल्यावर चढला, त्या अर्थी गोळीने शरीरात काहीतरी विष मागे ठेवले, असा त्यांचा तर्क. आणि तो त्यांनी ज्या ठामपणे मांडला त्यावरून, माणूस आयुष्यभर पुराव्याने वागलेला असला तरी स्वतःच्या देहाच्या बाबतीत तो केवढी मोठी उडी घेऊ शकतो, हे मला त्या वेळी प्रथमच जाणवले.

“आणि या गोळ्या नव्हत्या तेव्हा माणसे जगत नव्हती काय?” त्यांनी विचारले.

“जगत होती, आणि मरतही होती. अमेरिकेच्या अध्यक्षांचे सांगते. रूझवेल्ट. १९४४ च्या मार्चमध्ये एका हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६ वर १०८ होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला त्या काळी काय देता आले? हृदयासाठी डिजिटॅलिस, मीठ कमी, विश्रांती, सिगारेटी कमी. दाब उतरविणारे भरवशाचे औषधच हाताशी नव्हते. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला डोके दुखते म्हणाले आणि कोसळले. त्या वेळी वरचा आकडा ३०० च्या घरात गेला होता. मेंदूत रक्तस्राव. तुमच्या ताटातल्या उपायांच्या जातीचे जे काही होते ते त्यांना मिळाले होते, मामा. गोळी तेवढी मिळाली नाही, कारण ती अजून निघायची होती.”

येथे मामांनी आपला हुकमी मोहरा पुढे सरकवला. “निघायची होती म्हणतेस, ती आपल्याकडे शेकडो वर्षे होती. सर्पगंधा!”

आणि खरोखर, या विषयाचा सर्वांत वेधक भाग तोच आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्या वैद्यांना पूर्वापार माहीत होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असे लिहून प्रसिद्ध केले. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले ते १९४९ साली, मुंबईचे हृदयतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव आकडेवारीनिशी ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला तेव्हा. पुढे तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. एका भारतीय मुळीने रक्तदाबाच्या चिकित्सेचे दार जगाला उघडून दिले, याचा अभिमान मामांना वाटत असेल तर तो मलाही वाटतो, आणि तो वाटण्यात गैर काही नाही.

बहीण म्हणाली, “अभिमान मलाही आहे. उलट तुम्हाला ठाऊक नसलेली साक्ष मीच काढून देते. १९६७ साली अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरच्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषधे, निम्म्यांना दिसायला तशाच पण निर्गुण गोळ्या. दोन वर्षांच्या आतच निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर मोठे संकट ओढवले, आणि औषधांच्या गटात अवघ्या दोघांवर. रक्तदाब उतरविल्याने जीव वाचतो हे तिथे प्रथम निर्विवाद सिद्ध झाले. आणि त्या औषधांत एक होते तुमच्या सर्पगंधेतले रेसर्पिन.”

मामांचा चेहरा खुलला. “मग मी ते मूळच उगाळून घेतले तर तू का अडवावेस?”

“कारण त्या प्रयोगात ते मोजून दिले होते. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत असते. मूळ कोणत्या जमिनीतले, किती जुने, कोणत्या हंगामात खणलेले, यावर त्यातला अंश कमीजास्त होतो. मात्रा वाढली की नाक चोंदते, सुस्ती येते, आणि काहींचे मन इतके खचते की माणूस हसणे विसरतो. याच पायी ते औषध आता मागे पडले. मामा, तुमची साखळी किती फुटांची होती?”

“३३ फुटांची. १६ आण्यांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा.” हे उत्तर झोपेतही आले असते.

“आणि रोज ओढून ओढून कड्या लांबल्या तर?”

“म्हणून तर काम सुरू करण्यापूर्वी प्रमाण मापाशी ताडून पाहायची. लांबलेली साखळी नेली तर एखाद्या गरिबाचा गुंठा बुडतो.”

“तर मग मला सांगा, या अर्जुनसालीची तुमची चिमूट किती आण्यांची?”

मामांनी ताटाकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणापासून संवादाचा रोख बदलला. कारण आता ती पूर्वेची आणि पश्चिमेची, मुळीची आणि गोळीची तक्रार राहिली नाही. ज्या गोळीला मामा ‘केमिकल’ म्हणून झिडकारत होते तिचा उगमही, बहिणीने सांगितल्याप्रमाणे, कारखान्यात नव्हे तर ब्राझीलच्या एका विषारी सापात होता: सेर्जिओ फेरेइरा या तिथल्या संशोधकाला १९६५ च्या सुमारास त्याच्या विषात ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा प्रभाव वाढविणारा घटक सापडला, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झाले, रॅमिप्रिल त्याच कुळातले. म्हणजे दोन्हीकडे निसर्गच. फरक एवढाच की एकीकडे अंश मोजलेला आहे आणि दुसरीकडे नाही.

“तो साप माझ्या घशात शिरला होता,” मामा म्हणाले. “ती गोळी सुरू केली आणि तिसऱ्या आठवड्यापासून कोरडा खोकला. रात्र रात्र. कफ नाही, ताप नाही, नुसती खवखव. दवाखान्यात सांगितले तर खोकल्याचे बाटलीभर औषध दिले. शेवटी ज्येष्ठमधाने आराम वाटला म्हणून ते धरले, आणि पुढे गोळीच सोडली.”

“ज्येष्ठमध किती घेता?”

“दिवसाकाठी पाच-सहा काड्या चघळतो, आणि रात्री काढा. गोड लागते, गळा मोकळा राहतो.”

“अजून चालू आहे?”

“चालू आहे की. चार महिने झाले.”

बहिणीने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुन्हा लावला. घाबरली की ती असे करते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग तिने विचारले, “रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का? जिना चढताना मांड्यांत बळ नाही असे वाटते का?”

“तुला कोणी सांगितले?” मामांनी चमकून विचारले.

“ज्येष्ठमधाने सांगितले. मामा, खोकला गोळीचा होता, तुमची तक्रार खरी होती. या कुळातल्या गोळ्यांनी दहांतल्या एखाद्याला तो होतो. गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. बदलून द्यायला दुसरी औषधे हवी तेवढी आहेत. पण ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असते. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला आवरून धरणारे एक विकर पहाऱ्यावर असते. ग्लिसरायझिन त्या पहारेकऱ्याला बाजूला सारते, आणि मग कॉर्टिसॉल आपल्या अधिकाराबाहेरचा हुकूम सोडते: मीठ आणि पाणी राखा, पोटॅशियम बाहेर टाका. दाब चढतो, पोटॅशियम उतरते. पोटॅशियम उतरले की पोटऱ्यांत गोळे येतात, आणि फारच उतरले तर हृदयाची लय बिघडते. घशासाठी चार दिवस घेतलेल्या ज्येष्ठमधाने काही होत नाही. रोज, एवढे, चार महिने घेतल्याने दाब १७६ वर गेला असेल तर मला नवल वाटणार नाही.”

ओसरीवर काही वेळ कोणीच बोलले नाही. मला त्या अनाम दवाखान्याचा राग आला, हे कबूल केले पाहिजे. खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाला ‘आणखी काय घेता’ एवढे विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते. पण तितकाच राग मला आमच्या घरोघरच्या त्या सवयीचाही आला, जिच्यापायी आपण डॉक्टरांसमोर बसल्यावर चूर्ण, काढे, भुकट्या, शेजाऱ्याने दिलेले कॅप्सूल यांतले काहीच सांगत नाही, कारण ती औषधे आहेत असे आपल्याला वाटतच नाही. ती आपल्या लेखी घरचीच असतात.

मामा हार मानणाऱ्यांतले नव्हते, आणि त्यांनी मानू नये असेच मला वाटत होते. “ज्येष्ठमध चुकले म्हणून सारेच ताट चुकले, असे नव्हे,” ते म्हणाले. “मीठ कमी करावे, हे तुम्हीच सांगता. मी पापड सोडले, लोणचे सोडले. याला काही किंमत आहे की नाही?”

“गोळीइतकीच आहे,” ती तत्काळ म्हणाली. “दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमच्याएवढे मीठ पुरते, आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. १९९७ साली अमेरिकेत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराची परीक्षा झाली, तेव्हा ज्यांचा दाब चढलेला होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला, आणि तोही मिठाचे प्रमाण न बदलता. एवढे पुष्कळदा एका गोळीनेही साधत नाही. तुमचे पापड सोडणे, घाटावरून रोज चालून येणे, वजन उतरवणे हे सगळे माझ्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत येईल. लसूण थोडासा उतार देतो, स्वयंपाकात खुशाल घ्या; फक्त रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर लसणाच्या तीव्र गोळ्या नकोत. मॅग्नेशियमने आकडा दोनेकने हलतो. घ्या न घ्या. पण ही मिठाची पिशवी मात्र आज उचलून ठेवा.”

“ती कमी सोडियमची आहे!”

“म्हणूनच. सोडियमच्या जागी तिच्यात पोटॅशियम क्लोराइड आहे. ते मीठ वाईट नाही. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांना ते देऊन पाहिले, त्याचा निकाल २०२१ साली आला, आणि पक्षाघात खरोखर कमी झाले. पण तिथे मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना वगळले होते. तुम्ही ७४ वर्षांचे. तुमचे मूत्रपिंड कसे आहे हे कोणी पाहिलेले नाही. आणि रॅमिप्रिलच्या किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी स्वतःच पोटॅशियम राखून ठेवते. ती गोळी, हे मीठ आणि थकलेले मूत्रपिंड एकत्र आले की पोटॅशियम इतके चढते की हृदय थांबू शकते. एकीकडे ज्येष्ठमध ते बाहेर टाकते आहे, दुसरीकडे पिशवी ते भरते आहे; तुमच्या रक्तात आज किती शिल्लक आहे, ते उद्या तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि त्याशिवाय नवी गोळी ठरवणार नाही.”

“आणि ती ठरली की मग जन्मभर,” मामा म्हणाले. या वेळी त्यांच्या स्वरात वादाचा आवेश नव्हता. दुसरेच काही होते. “जन्मभर या शब्दाने माणूस आतून आजारी होतो, पोरी. मला दुखत नाही, खुपत नाही. न दुखणाऱ्या रोगाचे औषध रोज सकाळी घ्यायचे म्हणजे रोज सकाळी स्वतःला रोगी म्हणायचे.”

माझ्या मते त्या संपूर्ण संध्याकाळी मामांनी उच्चारलेले सर्वांत खरे वाक्य ते होते, आणि डॉक्टर लोकांनी ते मनावर घेतले पाहिजे. बहिणीने त्याला आकड्याने उत्तर दिले नाही. ती म्हणाली, “नानांनाही असेच वाटत होते.”

नाना म्हणजे आमचे वडील. त्यांचा दाब चढलेला होता, गोळ्यांनी उतरला, उतरला म्हणून ते बरे झाले, आणि बरे झाले म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. आठ महिन्यांनी पहाटे दाढी करताना उजवा हात वस्तऱ्यासह खाली आला तो पुन्हा उचलला गेलाच नाही. पुढची तीन वर्षे ते आमच्याकडे पाहून ‘च, च’ एवढेच म्हणू शकत. बहीण तेव्हा वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

“दाजींच्या कपाटात मला त्या पट्ट्या सापडल्या होत्या,” मामा हळूच म्हणाले. “न फोडलेल्या. मी कोणाला सांगितले नाही.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “जन्मभर म्हणजे शेतसाऱ्यासारखे समजा, मामा. एकदा भरला म्हणून पुढच्या वर्षीचा सुटत नाही.”

“दुष्काळात सारा माफ होतो.”

“होतो. इथेही होतो. वजन उतरले, मीठ सुटले, ज्येष्ठमध बंद झाले आणि आकडा खाली राहू लागला तर मीच मात्रा कमी करीन, एखाद्याची गोळी बंदही होते. पण ते पाहणी करून. खातेदाराने आपल्या मनाने नव्हे.” मग ती म्हणाली, “आणि जन्मभराचा खर्च मनात असेल तर तोही काढून टाका. २०१७ साली सरकारने उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाची मोहीम काढली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, आणि कोणती गोळी आधी, किती दिवसांनी मात्रा वाढवायची, ते ठरवून दिलेले आहे. बहुधा तुम्हाला अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम देईन. तिने खोकला येत नाही. काहींच्या घोट्यांवर सूज येते. आली तर मला सांगायचे. काढा शोधायचा नाही.”

मामा उठून माजघरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लांबट, जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही होती, तशा वह्यांत ते पूर्वी कच्चे टिपण घेत. त्यांनी कोऱ्या पानावर पट्टीने सहा रकाने आखले आणि वर लिहिले: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, शेरा. “किती दिवस मोजायचे?”

“सात. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत १३५ वर ८५ च्या खाली असायला हवे.”

“पहिला दिवस का सोडायचा?”

“नवखेपणाने आकडा चढतो म्हणून.”

हे त्यांना पटलेले दिसले. मग त्यांनी तिने आणलेले यंत्र हातात घेतले, पट्टा उलगडून त्याच्या दोन्ही कडा बोटांनी चाचपल्या, आणि विचारले, “हे प्रमाण मापाशी ताडून पाहिले आहेस?”

“परवाच. रुग्णालयातल्या पाऱ्याच्या यंत्राशी. दोनचा फरक आहे.”

“जास्त की कमी?”

“जास्त.”

मामांनी वहीच्या कोपऱ्यात ते लिहून घेतले. नंतर ज्येष्ठमधाच्या काड्या ताटातून वेचून कागदात बांधल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवसाच्या तारखेसमोर ‘ज्येष्ठमध बंद’ असे मोडीच्या वळणाच्या आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिले. सदऱ्याची बाही वर न सरकवता त्यांनी हात पूर्ण बाहेर काढला, भिंतीला पाठ टेकली, दंडाखाली उशी घेतली. ते काहीतरी बोलू लागले तेव्हा बहिणीने ओठांवर बोट ठेवले. घाटावर कोणीतरी आकाशदिवा लावत होते. आम्ही तिघे पाच मिनिटे न बोलता बसलो.